मोठ्या कुत्र्याला हाडाचा कॅन्सर: पाय काढायचा की नाही, हे कसं ठरवावं

कुत्रा काही दिवस लंगडत असतो. मुरगळलं असेल म्हणून औषधं होतात, विश्रांती होते, आणि मग एक्स-रे पाहून डॉक्टर सांगतात, "हाडाचा कॅन्सर दिसतोय. पाय काढण्याचा विचार करावा लागेल." त्यानंतरचं त्यांचं बोलणं बहुतेकांच्या डोक्यात शिरतच नाही. प्रश्न सुचतात ते घरी आल्यावर. एवढा मोठा कुत्रा तीन पायांवर चालेल का? आपण त्याचे हाल तर करत नाही ना? आणि एवढं करून तो जगणार किती?

हा लेख त्या पहिल्या आठवड्यासाठी आहे. हा निर्णय तासाभरात घ्यायचा नसतो, पण महिनाभर लांबवायचाही नसतो. क्रमाने एकेक गोष्ट तपासत गेलं तर आठ-दहा दिवसांत ठरवता येतं.

एक गोष्ट अगदी सुरुवातीलाच मनात पक्की करा. पाय काढणं हा मुख्यतः दुखण्यावरचा इलाज आहे. त्याने कॅन्सर जात नाही. दुखणं कसं थांबवायचं आणि आयुष्य किती वाढवायचा प्रयत्न करायचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. घराघरांत होणारा गोंधळ बहुतेक वेळा हे दोन्ही एकत्र कालवल्यामुळे होतो. "पाय काढूनही वाचणार नसेल तर कशाला?" हा प्रश्न दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यावर लादतो.

पायरी १: आजार समजून घ्या

मोठ्या कुत्र्यांच्या हाडात सुरू होणाऱ्या कॅन्सरपैकी सुमारे ८५ टक्के ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाड बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर, असतो. ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, रॉटवायलर, आयरिश वुल्फहाउंड, ग्रेहाउंड, डॉबरमॅन, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर अशा थोराड जातींत तो जास्त दिसतो. जात कोणती यापेक्षाही अंगाने मोठं असणं हाच मोठा धोका आहे. साधारण सात वर्षांच्या आसपास आणि पुढे तो जास्त आढळतो, पण दीड-दोन वर्षांच्या तरुण कुत्र्यांनाही होतो. त्यामुळे "वय लहान आहे, कॅन्सर कसा असेल" असं समजून दुर्लक्ष करू नये.

पुढच्या पायांत तो मागच्यांपेक्षा साधारण दुप्पट वेळा होतो. त्याच्या ठरलेल्या जागा आहेत: पुढच्या पायात मनगटाच्या वर किंवा खांद्याजवळ, मागच्या पायात गुडघ्याच्या वर किंवा खाली. पशुवैद्य विद्यार्थ्यांना शिकवतात की हा आजार कोपरापासून लांब आणि गुडघ्याच्या जवळ असतो. मोठ्या कुत्र्याला यातल्या एखाद्या जागी कडक सूज आली आणि लंगडणं आठ-दहा दिवसांत कमी झालं नाही, तर एक्स-रे मागून घ्या.

गाठ हाडाला आतून पोखरत जाते आणि त्याच वेळी बाहेर वेडंवाकडं नवं हाड तयार होतं. वाळवी लागलेल्या वाशासारखी गत होते: वरून आकार दिसतो, आत ताकद नसते. म्हणून उडी मारताना किंवा नुसतं वळतानाही ते हाड मोडू शकतं. असं मोडलेलं हाड प्लास्टर घालून जुळत नाही, कारण जुळायला निरोगी हाडच उरलेलं नसतं.

आता सर्वात कठीण भाग. निदान होतं तेव्हा सुमारे ९० टक्के कुत्र्यांच्या शरीरात कॅन्सरच्या पेशी आधीच पसरलेल्या असतात, बहुतेक वेळा फुप्फुसांत. त्या इतक्या सूक्ष्म असतात की एक्स-रेमध्ये दिसत नाहीत. त्या वेळी फुप्फुसात गाठी प्रत्यक्ष दिसणारे कुत्रे दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा कमी असतात. "छाती साफ आहे" याचा अर्थ "पसरलेला नाही" असा नसून "अजून दिसण्याइतका वाढलेला नाही" असा घ्यावा. हे वाचायला जड जातं, पण ते माहीत असलं की पुढचे निर्णय डोळे उघडे ठेवून घेता येतात.

पायरी २: निदानाची आणि पसरण्याची तपासणी

अनुभवी डॉक्टरला एक्स-रे पाहूनच बरीच खात्री वाटते. तरीही पाय काढण्याआधी सुईने नमुना घेऊन पेशी तपासणं किंवा हाडाचा तुकडा काढून बायोप्सी करणं बरं. काही भागांत बुरशीच्या संसर्गानेही हाड असंच पोखरलेलं दिसतं आणि तो आजार औषधांनी बरा होऊ शकतो. हाड आधीच फार कमकुवत झालं असेल तर बायोप्सीनेच ते मोडण्याची भीती असते. अशा वेळी डॉक्टर सुईचा नमुना पुरेसा मानतात, किंवा आधी पाय काढून मग तो प्रयोगशाळेत पाठवतात. कोणता मार्ग घेतलाय आणि का, हे विचारून घ्या. पाय काढल्यावर तो तपासणीला जाणार आहे ना, हेही विचारा.

पाठोपाठ या तपासण्या होतात: छातीचे वेगवेगळ्या बाजूंनी तीन एक्स-रे (शक्य असेल तर सीटी स्कॅन, त्यात लहान गाठीही दिसतात), रक्त आणि लघवी, गाठीजवळच्या लसिका ग्रंथी, आणि दुसऱ्या हाडांत कुठे दुखतंय का याची हाताने तपासणी. डॉबरमॅन किंवा ग्रेट डेनसारख्या, हृदयाचे आजार जास्त असलेल्या जातींत भूल देण्याआधी हृदयाची सोनोग्राफी करून घ्यावी.

रक्ताच्या अहवालात अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडं आणि यकृतातून रक्तात येणारं एक एन्झाइम) हा आकडा पाहा. तो वाढलेला असेल तर एकूण आयुष्य कमी राहण्याची शक्यता जास्त. खांद्याजवळची गाठ, लसिका ग्रंथीत पोचलेला कॅन्सर आणि फुप्फुसात दिसणाऱ्या गाठी याही वाईट खुणा आहेत. फुप्फुसात गाठी दिसत असतील तर बहुतेक डॉक्टर पाय काढण्याचा सल्ला देत नाहीत, कारण उरलेला काळ बहुधा थोडा असतो आणि त्यातला मोठा भाग बरं होण्यात जातो. याला अपवाद आहे. हाड मोडलंय, दुखणं कशानेच थांबत नाही, आणि बाकी कुत्रा उत्साही आहे, अशा वेळी केवळ त्या दुखण्यातून सोडवण्यासाठी काही जण शस्त्रक्रिया निवडतात. त्यात काहीही चूक नाही, फक्त हिशेब आठवड्यांचा आहे हे मान्य करून निवडावं.

पायरी ३: त्याला किती दुखतंय, हे प्रामाणिकपणे पाहा

या पायरीवर सर्वात जास्त वेळ द्या. "तो तसा ठीक आहे, जेवतो, शेपूट हलवतो" हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतं. कुत्रे दुखणं लपवतात. हाडाच्या कॅन्सरचं दुखणं तर त्यांना होणाऱ्या सर्वांत तीव्र दुखण्यांपैकी एक आहे, कारण हाडाभोवतीचं संवेदनशील आवरण ताणलं जातं आणि आत बारीक तडे जात राहतात.

या खुणा शोधा: पाय टेकवताना नुसतं बोट लावणं, उभं राहिल्यावर तो पाय उचलून धरणं, रात्री सारखी जागा बदलणं, निवांत बसलेला असतानाही धापा टाकणं, पाय किंवा मनगट सतत चाटणं, जिन्यापाशी थबकणं, कुणी त्या बाजूने आलं की अंग चोरणं, पूर्वी कधी न चिडणाऱ्या कुत्र्याने गुरगुरणं. दुखणाऱ्या पायाचे स्नायू दुसऱ्या बाजूपेक्षा बारीक झालेत का, हे दोन्ही हातांनी एकाच वेळी चाचपून पाहा. तो फरक सांगतो की कुत्रा कित्येक आठवड्यांपासून त्या पायावर भार टाकत नाहीये.

एक घरगुती चाचणी बरीच खात्रीशीर आहे. डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक सुरू झाल्यावर दोन दिवसांत कुत्रा बदलला का? जास्त खेळू लागला, गाढ झोपू लागला, पुन्हा दाराशी येऊ लागला, तर आधी त्याला केवढं दुखत होतं ते तुम्हाला त्यावरून कळेल.

इथे एक सक्त सूचना. माणसांची दुखण्यावरची औषधं स्वतःच्या मनाने देऊ नका. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्यांच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होतात, जीवही जातो. डॉक्टरांनी दिलेल्या वेदनाशामकाबरोबर स्टेरॉइडही घरातून जोडू नये.

पायरी ४: उरलेले तीन पाय, पाठ आणि वजन

"मोठा कुत्रा तीन पायांवर चालू शकतो का?" याचं उत्तर बहुतेक वेळा हो असं आहे, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते खरं वाटत नाही. पण बरेच कुत्रे निदानाच्या दिवशीच तीन पायांवर चालत असतात. चौथा पाय फक्त दुखण्यापुरता उरलेला असतो.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, पाय काढलेल्या ६४ कुत्र्यांच्या मालकांना नंतरचा अनुभव विचारला होता. ५८ जणांना कुत्र्याच्या स्वभावात काही फरक जाणवला नव्हता. ४७ जणांच्या मते त्याचं खेळणं-फिरणं पूर्वीसारखंच होतं. आणि ५५ जणांनी सांगितलं की पुन्हा वेळ आली तर हाच निर्णय घेऊ. शस्त्रक्रियेच्या वेळी ज्यांचं वजन जास्त होतं, त्यांचं नंतरचं आयुष्य तुलनेने कमी सुखाचं होतं. जाडेपणाकडे म्हणूनच गंभीरपणे बघायला हवं.

डॉक्टरांकडून या गोष्टींची तपासणी मागून घ्या, नुसतं "चालेल" यावर थांबू नका:

दुसऱ्या बाजूच्या पायाचे सांधे कसे आहेत? मागचा पाय काढायचा असेल तर दुसऱ्या गुडघ्याचं लिगामेंट शाबूत आहे ना, खुब्यात संधिवात किती आहे? पुढचा पाय काढायचा असेल तर दुसऱ्या बाजूचं कोपर आणि खांदा? पाठीच्या कण्याचा किंवा मज्जातंतूंचा आजार आहे का? मागचे पाय फरफटणं, नखं झिजणं, वळताना तोल जाणं अशा गोष्टी असतील तर पाय काढणं बहुधा योग्य नाही. खुब्यात थोडा संधिवात असणं हे मात्र आपोआप नकाराचं कारण ठरत नाही.

कुत्र्याच्या शरीराचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. म्हणून पुढचा पाय गेला की जुळवून घ्यायला जरा जास्त कष्ट पडतात. प्रत्येक पावलाला डोकं वर-खाली करत तो उड्या मारल्यासारखा चालतो. मागचा पाय गेलेले कुत्रे पळताना तर कित्येकदा ओळखूही येत नाहीत. ६० किलोच्या पुढचे कुत्रेही तीन पायांवर छान जगलेले आहेत. वय हा आपला आपण आडवा येणारा मुद्दा नाही. दहा वर्षांचा सडपातळ कुत्रा सहा वर्षांच्या लठ्ठ कुत्र्यापेक्षा चांगला उमेदवार असू शकतो.

"आधी पाय बांधून बघूया, चालतो का" असा सल्ला कुणीतरी देतंच. तो घेऊ नका. बांधलेला पाय वजनासकट तिथेच असतो, तोल बिघडवतो, दुखतो, कुत्रा घाबरतो, आणि आपण चुकीचा निष्कर्ष काढतो.

पायरी ५: पर्याय एकमेकांसमोर मांडा

खालचे आकडे मध्यांक आहेत, म्हणजे निम्मे कुत्रे त्याहून कमी जगतात आणि निम्मे जास्त. तुमचा कुत्रा कोणत्या बाजूला असेल हे कुणीही आधी सांगू शकत नाही.

फक्त वेदनाशामक औषधं: साधारण १ ते ३ महिने. इथे मरण बहुधा कॅन्सर पसरल्यामुळे येत नाही, तर दुखणं आवरेनासं झालं किंवा हाड मोडलं म्हणून कुत्र्याला निरोप द्यावा लागतो, म्हणजे डॉक्टरांकडून इंजेक्शनने शांत मरण.

फक्त पाय काढणं: साधारण ४ ते ५ महिने. वर्ष पार करणारे दहातला एखादा. काळ फार वाढत नाही, पण तो काळ दुखण्याशिवाय जातो, आणि हा फरक मोठा आहे.

पाय काढणं आणि केमो: साधारण ८ ते १२ महिने. एक तृतीयांशाहून अधिक कुत्रे वर्ष ओलांडतात. दोन वर्षं ओलांडणारे साधारण पाचातला एक किंवा त्याहूनही कमी.

दुखणं कमी करण्यासाठी रेडिएशन: गाठीवर थोड्या मात्रा दिल्या तर बहुतेक कुत्र्यांना एक-दोन आठवड्यांत आराम पडतो आणि तो काही महिने टिकतो. पाय वाचतो, पण हाड कमकुवतच राहतं. बरं वाटू लागलं की कुत्रा पळतो आणि हाड मोडण्याची भीती वाढते.

पाय वाचवणारी शस्त्रक्रिया: गाठीचा भाग काढून तिथे दुसरं हाड किंवा धातूचा रोपण-तुकडा बसवतात. मनगटाच्या वरच्या गाठींसाठी ही जास्त योग्य. संसर्ग आणि रोपण सैल होण्याचं प्रमाण बरंच आहे, पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते, आणि आयुष्य पाय काढण्यापेक्षा वाढत नाही. दुसरे पाय अधू असलेल्या कुत्र्यासाठी तिचा विचार जरूर करावा. नुसतं "चार पाय दिसावेत" म्हणून करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि सहावा पर्याय, जो डॉक्टर अनेकदा उच्चारत नाहीत: आत्ताच, तो फार खचण्याआधी, शांतपणे निरोप देणं. इतर आजार असतील, वय खूप असेल, हॉस्पिटलच्या दारातच कुत्रा भीतीने गारठत असेल, तर हाही प्रेमानेच घेतलेला निर्णय असतो. त्यासाठी कुणालाही उत्तर देण्याची गरज नाही.

पायरी ६: केमोचा निर्णय वेगळा ठेवा

पाय काढायचं ठरवलं म्हणजे केमो घ्यायलाच हवी असं नाही. केमो साधारणपणे शस्त्रक्रियेनंतर १० ते १४ दिवसांनी, टाके निघताना सुरू होते, म्हणून तिचा निर्णय तोपर्यंत लांबवता येतो. तेव्हा कुत्रा कसा सावरलाय हेही डोळ्यांसमोर असतं.

सर्वाधिक वापरलं जाणारं औषध कार्बोप्लॅटिन. दर ३ आठवड्यांनी, बहुधा ४ ते ६ वेळा शिरेतून देतात. काही ठिकाणी डॉक्सोरुबिसिन एकट्याने किंवा आलटून-पालटून देतात. त्याचा हृदयावर परिणाम होऊ शकतो. माणसांच्या केमोच्या आठवणीने इथे घाबरून जाऊ नका. कुत्र्यांना मात्रा अशी दिली जाते की जगणं त्रासाचं होऊ नये. एक-दोन दिवस भूक मंदावणं, उलटी, जुलाब असं काहींना होतं. बहुतेकांचे केस गळत नाहीत, मिशा मात्र जाऊ शकतात. खरी काळजी पांढऱ्या पेशी कमी होण्याची. साधारण एक ते दोन आठवड्यांनंतर त्या सर्वात खाली असतात. तेव्हा ताप आला, कुत्रा मलूल पडला, तर उद्यापर्यंत थांबू नका.

औषध दिल्यानंतरचे काही दिवस लघवी-शी साफ करताना हातमोजे वापरा. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांनी ते काम करू नये.

पायरी ७: घरातल्या माणसांनी बसून बोला

घरातला प्रत्येक मोठा माणूस या बैठकीत असावा, आणि एकाने खालच्या प्रश्नांची उत्तरं लिहून घ्यावीत. पहिले दोन आठवडे त्याच्याजवळ रात्रंदिवस कोण असेल? ४०-५० किलोच्या कुत्र्याला पोटाखालून कापडाचा आधार देऊन बाहेर न्यायची ताकद घरात कुणाकडे आहे? फरशी घसरडी आहे का, जिने किती आहेत? शस्त्रक्रिया, केमो आणि नंतरच्या तपासण्या मिळून एकूण खर्चाचा अंदाज डॉक्टरांकडून लेखी घेतलाय का? पैशाचा विचार केल्याने प्रेम कमी होत नाही. अर्ध्यावर थांबावं लागणारा उपचार सुरू करण्यापेक्षा झेपेल तो पूर्ण करणं कुत्र्याच्या हिताचं.

कुत्र्याच्या स्वभावावरही बोला. तो अंगचाच जिद्दी, चटकन जुळवून घेणारा आहे का? की बदल झाला की दिवसच्या दिवस उदास बसणारा? हे डॉक्टरांना दिसत नाही, तुम्हालाच माहीत असतं.

एक गोष्ट मात्र या चर्चेतून बाजूला काढा: "लोक काय म्हणतील", "कसा दिसेल". कुत्र्याला आरशातल्या आपल्या रूपाची खंत नसते. पाय गेल्याचं दुःख माणसाला होतं. कुत्र्याला दुखायचं थांबल्याचं कळतं.

पायरी ८: शस्त्रक्रिया आणि पहिले दोन आठवडे

पुढचा पाय बहुधा खांद्याच्या फऱ्यासकट काढतात आणि मागचा खुब्याच्या सांध्यापासून किंवा मांडीच्या वरच्या भागातून. "थोडा तरी ठेवा ना" असं पुष्कळजण म्हणतात. पण उरलेला खुंट टेकवायचा प्रयत्न कुत्रा करत राहतो, तिथे जखमा होतात, आणि फरा ठेवला तर स्नायू आटून तो टोचत राहतो.

आधी विचारून ठेवा: नसा कापण्यापूर्वी त्यांच्याभोवती भुलीचं औषध देणार का? रात्री हॉस्पिटलमध्ये माणूस असेल का? घरी कोणती वेदनाशामकं, किती दिवस? चांगल्या व्यवस्थेत एकापेक्षा जास्त प्रकारची औषधं एकत्र चालू असतात.

बहुतेक कुत्रे १२ ते २४ तासांत आधाराने उभे राहतात आणि एक-दोन दिवसांत घरी येतात. घरी आल्यावरचं दृश्य तुम्हाला हादरवून टाकेल, म्हणून आधीच सांगणं बरं. केस काढलेला मोठा भाग, लांबलचक टाक्यांची ओळ, लालसर-जांभळी कातडी. छातीखाली किंवा पोटाच्या खालच्या बाजूला पाणी साठून सूज येऊ शकते. औषधांच्या गुंगीत तो कण्हेल, भेदरलेला दिसेल. दोन-चार दिवस शी होणार नाही. पहिल्या तीन-चार रात्री जवळजवळ प्रत्येकाला वाटतं, आपण हे काय केलं. त्या रात्रींवरून निर्णयाची पारख करू नका. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पाहा.

घराची तयारी: त्याच्या नेहमीच्या वाटेवर रबराच्या किंवा योगासनाच्या चटया अंथरा. तीन पायांच्या कुत्र्याचा खरा शत्रू घसरणारी फरशी आहे. पंजांमधले केस आणि नखं कापून घ्या. जिना, सोफा, गाडीत उडी, सगळं बंद. मागचा पाय गेला असेल तर पोटाखालून कापडाची झोळी, पुढचा असेल तर मूठ असलेला छातीचा पट्टा. पुढचा पाय गेलेल्याला पाण्याचं आणि जेवणाचं भांडं जरा उंचावर ठेवा. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात कॉलर, टाके १० ते १४ दिवसांनी निघेपर्यंत.

दिवसातून अनेक वेळा, पाच-पाच मिनिटं, पट्ट्याला धरून चालवा. लांब फेरी एकदम नको; थकवा आला की तो पडतो आणि धीर सोडतो. पण प्रत्येक पावलाला उचलूही नका. तोल शोधायचं काम त्याचंच आहे. पूर्ण सरावायला बहुतेकांना महिनाभर पुरतो.

अचानक किंचाळणं, नसलेल्या पायाच्या जागेकडे दचकून बघणं, तिथली कातडी थरथरणं असं दिसलं तर तुटलेल्या नसांचं दुखणं असू शकतं. हट्टीपणा किंवा भीती समजून सोडून देऊ नका. गॅबापेंटिनसारख्या औषधांनी ते आवाक्यात येतं. टाक्यांतून पू, वास, वाढत जाणारी गरम सूज, ताप, २४ तास काहीच न खाणं, यांपैकी काही दिसलं तर फोन करा.

वजन आयुष्यभर आटोक्यात ठेवावं लागेल. पाय काढल्याने काही किलो गेलेले असतात, म्हणून जुनं वजन हे नवं लक्ष्य नाही. हात फिरवल्यावर फासळ्या सहज लागायला हव्यात. आजारी आहे म्हणून लाडाने चारलेला प्रत्येक जादा घास उरलेल्या तीन पायांवर पडतो.

पाय न काढण्याचं ठरलं तर

हाही पूर्ण उपचार आहे, नुसतं वाट बघणं नव्हे. डॉक्टरांशी बसून वेदनाशामकांची पायऱ्यापायऱ्यांनी वाढत जाणारी योजना करा: नेहमीचं सूज-दुखण्याचं औषध, त्याच्या जोडीला गॅबापेंटिन किंवा अमांटाडिन, हाड पोखरणं मंदावण्यासाठी पामिड्रोनेट किंवा झोलेड्रोनेटचं सलाइन, शक्य असेल तर रेडिएशन. उड्या, जिने, दुसऱ्या कुत्र्याशी दांडगाई थांबवा.

हाड मोडलं तर काय करायचं, हे आजच ठरवा. रात्री उघडं असणारं हॉस्पिटल कुठलं, तिथे कसं न्यायचं, आणि तिथे गेल्यावर पाय काढायचा की निरोप द्यायचा. मोडलेल्या पायासह किंचाळणारा कुत्रा समोर असताना हा विचार कुणालाही नीट करता येत नाही.

पुढे नजर कशावर ठेवायची

पाय काढल्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी छातीचा एक्स-रे काढतात. फुप्फुसात गाठी दिसल्या तरी कुत्रा कित्येक आठवडे मजेत असू शकतो, म्हणून तो अहवाल आला त्याच दिवशी सगळं संपलं असं धरू नका. दुसऱ्या पायात नवं लंगडणं आलं तर लगेच एक्स-रे. एकापेक्षा जास्त पाय गरम होऊन सुजले तर तेही छातीतल्या गाठींमुळे असू शकतं. खोकला, विश्रांतीतही वेगाने चालणारा श्वास, जेवण कमी होणं या त्यानंतरच्या खुणा.

दिवस कसे चाललेत हे मापायला ॲलिस व्हिलालोबॉस या अमेरिकी पशुकॅन्सरतज्ज्ञांनी केलेली मोजपट्टी उपयोगी पडते. दुखणं, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी ० ते १० गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर जगणं पुरेसं बरं आहे असं धरतात. आठवड्यातून एकदा, घरातल्या दोघांनी वेगवेगळे गुण द्या आणि मग ताडून पाहा. रोज बघणाऱ्याला हळूहळू होणारी घसरण दिसत नाही, कागदावर ती दिसते.

त्याच कागदाच्या मागे, तो चांगला असतानाच, त्याला सर्वात प्रिय असलेल्या तीन-चार गोष्टी लिहा: दाराशी धावत येणं, चेंडू, खिडकीत बसणं, काहीही. यांतल्या दोन गोष्टी त्याने सोडल्या की डॉक्टरांना फोन करायचा, हे सर्वांनी मिळून ठरवा. डॉक्टर घरी येऊन निरोप देतात का, आधी झोपेचं इंजेक्शन देतात का, शेजारी कोण बसणार आणि नंतरची व्यवस्था काय, हे प्रश्नही त्याच भेटीत विचारून उत्तरं कागदावर टिपून ठेवा.